परदेशात जन्मलेलं बाळ : नागरिकत्व, पासपोर्ट आणि एक रिकामा रकाना



मागच्या दोन व्याख्यानांत आपण ‘मी म्हणजे कोण’ हा प्रश्न घेऊन बसलो होतो. देह, स्मृती, नाव असं एकेक बाजूला काढून पाहिलं. ते संपल्यावर एका श्रोत्या बाईंनी आम्हाला जिन्यात गाठून विचारलं, “सर, ऐकायला बरं वाटलं. पण आमच्या लेकीला परदेशात बाळ होणार आहे. ते बाळ भारतीय की तिथलं? आणि त्याला इकडे आणायचं तर कागद कुठले लागतात?” आसपासचे लोक हसले. आम्हाला मात्र हसू आलं नाही. एक तर हा प्रश्न आमच्या स्वतःच्या घरात वर्षभर मुक्कामाला होता. आणि दुसरं म्हणजे, नीट पाहिलं तर हा आपलाच मागचा प्रश्न आहे. ‘मी कोण’ हे आपण आरामात विचारतो. सीमेवरच्या खिडकीत ‘हे कोण’ असं विचारलं जातं, आणि ज्याच्याविषयी विचारलं जातं त्याला अजून मानही धरता येत नसते.

तेव्हा आज आपण हाच विषय घेऊ. आधी थोडा विचार, मग कायदा, मग प्रत्यक्ष कागद, आणि शेवटी आमची चूक.

माती आणि रक्त

जन्माने नागरिकत्व मिळण्याच्या जगात दोन मुख्य वाटा आहेत. एक मातीची : ज्या भूमीवर जन्म झाला, त्या देशाचं मूल. दुसरी रक्ताची : ज्या आईबापांच्या पोटी जन्म झाला, त्यांच्या देशाचं मूल. बहुतेक देश या दोहोंचं काही ना काही मिश्रण करतात. दोन्ही वाटा फार जुन्या आहेत.

रक्ताच्या वाटेची गोष्ट अथेन्सपासून सांगता येईल. इसवी सनपूर्व ४५१ मध्ये पेरिक्लीसने कायदा करवून घेतला की आई आणि वडील दोघेही अथेनियन असतील तरच मूल अथेन्सचं नागरिक. पुढे काय झालं पाहा. पेरिक्लीसचे दोन औरस मुलगे प्लेगच्या साथीत गेले. उरला तो अस्पाशियापासून झालेला मुलगा; आणि अस्पाशिया होती मिलेटसची, म्हणजे परकी. स्वतःच केलेल्या कायद्याने स्वतःचंच मूल परकं ठरलं! शेवटी अथेन्सच्या लोकांनी म्हाताऱ्याची दया येऊन त्या मुलाला अपवाद म्हणून नागरिकत्व दिलं. नियम करताना माणूस बहुधा दुसऱ्यांची मुलं डोळ्यांपुढे ठेवतो. म्हणून ही गोष्ट आम्ही वर्गात दर वर्षी सांगत असू.

मातीच्या वाटेची प्रसिद्ध गोष्ट इंग्लंडची, १६०८ सालची. स्कॉटलंडचा राजा १६०३ मध्ये इंग्लंडचाही राजा झाला. त्यानंतर स्कॉटलंडमध्ये जन्मलेलं मूल इंग्लंडमध्ये परकं मानायचं की आपलं, असा वाद न्यायालयात गेला. ज्याच्या नावाने हा खटला चालला तो रॉबर्ट कॅल्विन तेव्हा लहान मूल होता. निकाल लागला की राजाच्या अमलाखालच्या भूमीवर जन्मलेलं मूल राजाचं प्रजाजन, म्हणून ते इंग्लंडमध्ये परकं नाही. या विचाराचा धागा पुढे अमेरिकेपर्यंत गेला. १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीने तिथे जन्मलेल्यांना नागरिकत्व दिलं, आणि १८९८ मध्ये वाँग किम आर्क यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तेच पक्कं केलं. हे गृहस्थ सॅन फ्रान्सिस्कोला जन्मलेले, आईवडील चिनी. चीनला जाऊन परत आले तर बंदरावरच अडवलं. म्हणजे तिथेही प्रश्न उभा राहिला तो प्रवासातच. घरी बसलेल्या माणसाला ‘तू कुठला’ असं सहसा कुणी विचारत नाही.

आता एक सावधगिरीची सूचना. ‘परदेशात जन्मलं म्हणजे तिथलं नागरिकत्व मिळालंच’ असा आपल्याकडे सर्रास समज आहे. तो बहुतेक देशांच्या बाबतीत चुकीचा आहे. ब्रिटनमध्ये १९८३ पासून नुसत्या जन्माने नागरिकत्व मिळत नाही. आई किंवा वडील ब्रिटिश असावे लागतात किंवा तिथे कायमचे स्थायिक. ऑस्ट्रेलियाने १९८६ मध्ये असाच नियम केला. आयर्लंडने २००४ मध्ये सार्वमत घेऊन घटना बदलली. आखाती देशांत तर आपल्या लोकांच्या मुलांना तिथे जन्मून नागरिकत्व मिळतच नाही, मग आईबापांनी तीस वर्षं तिथे काढलेली असोत. अमेरिकेतही जानेवारी २०२५ मध्ये, आईवडील तात्पुरत्या व्हिसावर असतील तर मुलाला जन्माने नागरिकत्व मानू नये, असा अध्यक्षांचा आदेश निघाला आणि प्रकरण न्यायालयात गेलं. तेव्हा शेजाऱ्याच्या मुलाला दहा वर्षांपूर्वी काय मिळालं यावर विसंबू नये. ज्या दिवशी आपलं बाळ जन्मेल त्या दिवशीचा नियम पाहावा.

आपला कायदा काय म्हणतो

घटना-समितीत १० ऑगस्ट १९४९ रोजी नागरिकत्वाची कलमं मांडताना डॉ. आंबेडकरांनी कबुली दिली होती की मसुदा समितीला एखादं दुसरं कलम सोडलं तर याच्याइतकी डोकेदुखी कशाने झाली नाही. फाळणीने घरं विस्कटलेली, लोक इकडून तिकडे जाताहेत, परत येताहेत; कोण आपलं हे ठरवायचं कसं? तरीही त्या कलमांत एक सुंदर गोष्ट आहे. पाचव्या आणि आठव्या कलमांत ‘आई किंवा वडील यांपैकी कुणीही’ असा विचार आहे. घटनेला आई दिसत होती.

पुढे १९५५ मध्ये नागरिकत्वाचा कायदा आला आणि परदेशात जन्मलेल्या मुलाच्या बाबतीत त्यात लिहिलं गेलं की वडील भारतीय असतील तर मूल भारतीय. आई गेली कुठे? परक्या माणसाशी लग्न केलेल्या भारतीय बाईचं मूल परदेशात जन्मलं, तर कायद्याच्या लेखी तिच्या भारतीयत्वाचा त्या मुलाला काही उपयोग नव्हता. ही चूक दुरुस्त व्हायला सदतीस वर्षं लागली. १० डिसेंबर १९९२ पासून परदेशात जन्मलेल्या मुलाची आई किंवा वडील, कुणीही एक जन्माच्या वेळी भारतीय नागरिक असेल तर पुरे झालं. गंमत म्हणजे बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात भारत सामील झाला तो लगेच दुसऱ्या दिवशी, ११ डिसेंबरला. त्या कराराचं सातवं कलम म्हणतं की जन्मताच मुलाची नोंद व्हावी, त्याला नाव असावं आणि राष्ट्रीयत्व मिळवण्याचा हक्क असावा.

आता तिसरा टप्पा, आणि आजच्या आईबापांसाठी हाच महत्त्वाचा. ३ डिसेंबर २००४ पासून कायद्यात एक अट आली. परदेशात जन्मलेल्या मुलाचे आईवडील भारतीय असले तरी, त्या जन्माची नोंद भारतीय वकिलातीत एक वर्षाच्या आत झाली पाहिजे. नोंद नाही, तर नागरिकत्व नाही. वर्ष उलटून गेलं तर दार कायमचं बंद होत नाही. केंद्र सरकारच्या परवानगीने नंतरही नोंद होते. पण मग वाट लांबची. शिवाय नोंदणीच्या वेळी आईवडिलांना लिहून द्यावं लागतं की या मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही.

हे शब्द नीट ऐका. कायदा इथे ‘दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही’ असं म्हणतो. ‘दुसऱ्या देशाचं नागरिकत्व नाही’ असं म्हणत नाही. कारण काही देशांत मूल जन्मताच नागरिक होतं, त्यात त्याची किंवा आईबापांची काही करणी नसते. म्हणून कायद्याने सोय ठेवली की असं मूल अज्ञान असेपर्यंत भारतीय राहू शकेल, पण अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर सहा महिन्यांच्या आत त्याने दुसरं नागरिकत्व सोडलं पाहिजे. नाही सोडलं तर भारतीय नागरिकत्व संपतं. आईबापांना जे आपल्या जागी ठरवता येत नाही, ते मुलाने मोठं होऊन ठरवावं, हा विचार आम्हाला तरी योग्य वाटतो. मात्र व्यवहारात एक अडचण येते. उदाहरणार्थ अमेरिका आपल्या नागरिकाने, तो तान्हा असला तरी, अमेरिकन पासपोर्टवरच ये-जा करावी अशी अपेक्षा ठेवते. म्हणून तिथले बहुतेक आईबाप बाळाचा अमेरिकन पासपोर्ट काढतात आणि त्याच्यासाठी ओसीआय कार्ड घेतात.

या ओसीआयबद्दल फार गैरसमज आहेत. त्याचं मराठीत भाषांतर ‘परदेशस्थ भारतीय नागरिक’ असं होतं, पण ते नागरिकत्व नव्हे. तो आयुष्यभराचा व्हिसा आणि काही सवलती. त्यावर मतदान करता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. पूर्वीचं पीआयओ कार्ड जानेवारी २०१५ मध्ये यातच विलीन झालं. आणि आईवडील दोघांनीही बाळाच्या जन्माआधीच परकं नागरिकत्व घेतलं असेल, तर बाळाला वंशाने भारतीय नागरिकत्व मिळण्याचा प्रश्नच उरत नाही. त्याच्यापुढे ओसीआय हीच वाट.

आपल्या गोमंतकीय मंडळींची गोष्ट आणखी वेगळी. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांना पोर्तुगालच्या कायद्याने पोर्तुगीज राष्ट्रीयत्वाचा दावा करता येतो. तसा दावा करून अनेक जण युरोपात गेले आणि त्यांची मुलं तिकडे जन्मली. अशा घरात आधी हे पाहायचं की बाळाच्या जन्मदिवशी आईवडिलांपैकी कोण भारतीय होतं. आपला देश दुहेरी नागरिकत्व मानत नाही. स्वेच्छेने दुसरं नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व संपतं. त्यासाठी वेगळा अर्ज करून ते सोडावं लागतं असं नाही.

प्रत्यक्ष कागद

आता व्यवहाराकडे वळू. भारतीय आईवडिलांचं बाळ परदेशात जन्मलं आणि त्याचा भारतीय पासपोर्ट काढायचा आहे, तर क्रम असा.

पहिलं, त्या देशाच्या नागरी नोंदणी कार्यालयाचा जन्मदाखला. इस्पितळ देतं तो कागद म्हणजे जन्म झाल्याची खबर, दाखला वेगळा. दाखला स्थानिक भाषेत असेल तर अधिकृत भाषांतर लागतं, आणि काही ठिकाणी साक्षांकनही.

दुसरं, नाव. आपल्याकडे बारसं बाराव्या दिवशी, कधी त्याहूनही उशिरा. परदेशात मात्र पुष्कळ ठिकाणी बाळंतीण घरी जायच्या आत नावाचा फॉर्म पुढे येतो. आणि त्यात दोनच रकाने : नाव आणि आडनाव. आपल्या पद्धतीत मध्ये वडिलांचं नाव. ते कुठे घालायचं, की घालायचंच नाही? नवराबायकोने हे आधी ठरवून ठेवावं. जन्मदाखल्यावर जे जसं लिहिलं जाईल, तेच वकिलातीच्या नोंदीत, तेच पासपोर्टवर, तेच पुढे शाळेत. एका अक्षराचा फरक पडला तर तो निस्तरायला प्रतिज्ञापत्रं करत बसावं लागतं.

तिसरं, वकिलातीतली जन्मनोंद. अर्ज गृह मंत्रालयाच्या संकेतस्थळावर भरायचा, त्याची छापील प्रत, बाळाचा जन्मदाखला, आईवडिलांचे पासपोर्ट, त्यांचा लग्नाचा दाखला आणि ते परकं पासपोर्ट नसल्याचं निवेदन घेऊन वकिलातीत जायचं. एक वर्षाची मुदत या पायरीसाठी आहे, पासपोर्टसाठी नव्हे.

चौथं, पासपोर्ट. बहुतेक ठिकाणी जन्मनोंद आणि पासपोर्ट यांचे अर्ज बरोबरच घेतात. पूर्वी आईच्या पासपोर्टवर मुलाचं नाव चढवलं की काम भागत असे. आता आठ दिवसांच्या बाळालाही स्वतंत्र पासपोर्ट लागतो. दोघा पालकांची संमती लागते. एक पालक दूर असेल किंवा नसेलच, तर त्यासाठी वेगळं निवेदन आहे. सहीच्या जागी बाळाचा अंगठा. आणि फोटो! डोळे उघडे हवेत, मागे पांढरी पार्श्वभूमी, आणि धरणाऱ्याचा हात दिसता कामा नये. पांढऱ्या चादरीवर बाळाला निजवून वरून फोटो काढणं हा सोपा उपाय. हा पासपोर्ट पाच वर्षांचा असतो, किंवा अठरा वर्षं पूर्ण होईपर्यंतचा, यांतलं जे आधी येईल ते.

पाचवं, आणि हे हमखास विसरतात : बाळ तिथे परदेशी असल्यामुळे त्याला त्या देशाचा निवासाचा परवाना लागतो. संयुक्त अरब अमिरातीत त्यासाठी जन्मापासून १२० दिवसांची मुदत आहे. जर्मनीत सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो. बाळ भारतात आलं आणि परवाना नसल्यामुळे परत जाताना अडलं, अशी वेळ येऊ देऊ नये.

घरात कुणी अत्यवस्थ असेल आणि तातडीने यायचं असेल, तर वकिलात ‘आपत्कालीन प्रमाणपत्र’ देऊ शकते. ते फक्त भारतात येण्यासाठी, एकाच दिशेचं. पण तेही भारतीय नागरिकालाच मिळतं, म्हणजे जन्मनोंदीचा प्रश्न सुटत नाही.

आमच्या घरची गोष्ट

आता आम्ही आमच्यावर येतो.

आमची मुलगी आणि जावई जर्मनीत असतात. ऑक्टोबर २०२१ मध्ये त्यांना मुलगी झाली. त्या वेळी जर्मनीत परदेशी आईबापांच्या मुलाला जन्माने नागरिकत्व मिळायचं तर पालकांपैकी एकाचं तिथे आठ वर्षं वास्तव्य आणि कायमचा परवाना लागे. २०२४ पासून ती अट पाच वर्षांवर आली. यांना झाली होती तीनच वर्षं. म्हणजे बाळ भारतीयच होणार, यात शंका नव्हती.

इकडे आमची आई तेव्हा चौऱ्याण्णव वर्षांची. पणतवंडाचं तोंड पाहिलं की सोन्याची फुलं उधळायची, हा आपला रिवाज. तिने सोनाराकडून पाच लहानशी फुलं करवून घेतली आणि डबी उशाशी ठेवली. आम्ही तिला सांगितलं, उन्हाळ्यात येतील.

जर्मनीत जन्माची नोंद ‘श्टांडेसआम्ट’ नावाच्या कार्यालयात होते. त्यांनी आईवडिलांचे जन्मदाखले मागितले. जावयाचा होता. मुलीचा नव्हता. तिचा पासपोर्ट शाळा सोडल्याच्या दाखल्यावर निघालेला. १९८८ चा जन्म असल्यामुळे तेव्हा ते चालून गेलं होतं. आम्ही म्हटलं, त्यात काय, नगरपालिकेतून आणू. गेलो. रजिस्टर निघालं. तारीख बरोबर, आईचं नाव बरोबर, वडिलांचं नाव बरोबर. आणि बाळाच्या नावाचा रकाना रिकामा.

तो रकाना कुणी रिकामा सोडला? आम्ही. इस्पितळातून जन्माची खबर गेली तेव्हा बारसं व्हायचं होतं. नाव नंतर जाऊन घालायचं असतं. आपल्या कायद्यात तशी सोय आहे. नावाशिवाय जन्म नोंदवता येतो आणि नाव मागाहून देता येतं. आम्ही गेलोच नाही. त्या वर्षी आमचा प्रबंध पुरा होत होता. विषय होता, तुम्हाला सांगायला लाज वाटते, व्यक्तीची ओळख.

तिकडे बाळाला पूर्ण दाखल्याऐवजी नोंदवहीचा प्रमाणित उतारा मिळाला. आईची ओळख सिद्ध झालेली नाही, असा शेरा त्यात होता. चार महिने अंगावर पाजणाऱ्या बाईची ओळख सिद्ध व्हायची होती! मुलगी फोनवर हसली, आणि हसता हसता रडली.

इकडे आम्ही शाळेचा दाखला, प्रतिज्ञापत्र, साक्षीदार असं सगळं जमवून फेब्रुवारीत नाव चढवून घेतलं. वाटलं, अपोस्टिल करून पाठवलं की झालं. अपोस्टिल म्हणजे परदेशात कागद चालावा म्हणून मारायचा आंतरराष्ट्रीय शिक्का. १९६१ चा हेगचा करार आहे आणि २००५ पासून भारत त्यात आहे. पण भारताच्या त्या प्रवेशाला जर्मनीने आक्षेप घेतलेला होता, त्यामुळे आपल्या कागदांना तिथे तो शिक्का पुरत नव्हता. प्रत्येक कागदाची जागेवर जाऊन पडताळणी. जूनमध्ये त्यासाठी नेमलेले एक वकील आमच्या तालुक्याच्या गावी आले, रजिस्टर पाहिलं, नोंद केली, चहा नको म्हणाले आणि गेले. अत्यंत सभ्य गृहस्थ. कुणाचं काही चुकलं नाही. प्रत्येक जण आपापलं काम नीट करत होता, आणि वर्ष संपत आलं होतं.

आई विचारायची, “पोरगी कुठवर आली?” जणू ती चालत येत होती.

पूर्ण दाखला सप्टेंबरच्या अखेरीस मिळाला. वकिलातीत जन्माची नोंद झाली तेव्हा मुदतीचे नऊ दिवस उरले होते. नोव्हेंबरात पासपोर्ट, मग निवास परवाना, आणि डिसेंबर २०२२ मध्ये नात आमच्या दारात आली. तिने उंबरा धरून उभं राहून दाखवलं. आईला जाऊन तेव्हा तेवीस दिवस झाले होते.

फुलांची डबी आमच्या कपाटात आहे.

कागद म्हणजे काय

यावर एक प्रश्न आम्ही अजून मनात घोळवतो. पहिले अकरा महिने आमची नात कोण होती? कायदा म्हणतो, भारतीय आईबापांचं मूल भारतीय. आणि लगेच म्हणतो, नोंद झाल्याशिवाय नाही. मग नोंद म्हणजे असलेल्या गोष्टीची खूण, की नसलेली गोष्ट घडवणारी कृती? बारशाला आत्या बाळाच्या कानात ‘कुर्र’ करून नाव सांगते. ते नाव आधी कुठे लपलेलं नसतं. आत्या ते सांगते आणि त्या क्षणापासून ते असतं. नोंदणीचं तसंच आहे. आपण कागदाला तुच्छ लेखतो, ‘कागदी घोडे’ म्हणतो; पण काही कागद त्या आत्यासारखे असतात.

हाना आरेंट या विदुषी १९३७ ते १९५१ अशी चौदा वर्षं कुठल्याच देशाच्या नागरिक नव्हत्या. त्यांनी मांडलं की माणसाचे बाकी सगळे हक्क एका मूळ हक्कावर उभे असतात, तो म्हणजे कुठल्या तरी समाजाने आपल्याला आपलं म्हणण्याचा हक्क. तो गेला की उरलेल्या हक्कांकडे बोट दाखवता येतं, पण ते मागायचे कुणाकडे हे कळत नाही. २००८ मध्ये गुजरातमधल्या आणंदला सरोगसीने एक मुलगी जन्मली. तिचे जपानी आईवडील जन्माआधीच विभक्त झाले होते. बीज दुसऱ्याच स्त्रीचं, गर्भ तिसरीचा. तिची आई कोण, हे दोन्ही देशांच्या कायद्यांना सांगता येईना. पासपोर्ट कुणी द्यायचा? प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. अखेर तिला एक ओळख-प्रमाणपत्र मिळालं, ज्यावर राष्ट्रीयत्वच नव्हतं, आणि जन्मानंतर तीन महिन्यांनी ती आजीबरोबर जपानला गेली. त्या मुलीपुढे आमच्या घरची अडचण काहीच नव्हती. तिला निदान कुठल्या दारात उभं राहायचं हे ठाऊक होतं.

तेव्हा मंडळी, जाता जाता चार गोष्टी. बाळ व्हायच्या आधी आईवडील दोघांचे स्वतःचे जन्मदाखले काढून ठेवा आणि त्यांवर नाव आहे ना, ते पासपोर्टशी जुळतं ना, हे डोळ्यांनी पाहा. लग्नाचा दाखला नोंदणीचा हवा. पत्रिका आणि अल्बम चालत नाहीत. बाळाच्या नावाचं स्पेलिंग कागदावर लिहून इस्पितळाच्या पिशवीत टाका. आणि वकिलातीतली एक वर्षाची मुदत कॅलेंडरवर नव्हे, देव्हाऱ्याशेजारी लिहून ठेवा, म्हणजे रोज दिसेल.

ज्यांना परदेशात कुणी नाही त्यांनी ‘आपल्याला काय करायचंय’ म्हणू नये. आम्हीही १९८८ मध्ये तेच म्हणत होतो. आज घरी गेल्यावर मुलांचे, नातवंडांचे दाखले एकदा काढून बघा. रकाना रिकामा असेल तर उद्या सकाळी नगरपालिकेत जा. व्याख्यान काय, पुन्हाही ऐकता येईल.